अपेंडिक्स कापल्यावर आतलं तोंड कशानं बंद करतात?

अपेंडिक्सचं ऑपरेशन संपत आलं की थिएटरचं दार उघडतं आणि कुणीतरी काढलेलं अपेंडिक्स किडनी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवायला आणतं. आपल्याकडे ही रीतच पडली आहे. नातेवाईक वाकून बघतात, मोबाईलवर फोटो घेतात आणि मग ठरलेले प्रश्न येतात. टाके किती? घरी कधी सोडणार? खायला काय द्यायचं? ट्रेमधली ती नळी जिथून कापली, तिथे आत मोठ्या आतड्याला एक तोंड उरलं असणार. ते कशानं बंद केलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पुढच्या आठ-दहा दिवसांची काळजी त्या सेंटिमीटरभर जागेशी बरीच बांधलेली असते.

अनेकांना हा विषय पहिल्यांदा कळतो तो बिल हातात आल्यावर. त्यात ‘स्टेपलर’ किंवा ‘कार्ट्रिज’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे मोठा आकडा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं तेच ऑपरेशन झालेलं असतं, पण त्याच्या बिलात ही ओळ नसते. मग मनात शंका येते: आपल्याला उगाच महागातलं लावलं का, की त्याला स्वस्तातलं लावून बोळवण केली?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हे तोंड बंद करायचे तीन मुख्य मार्ग आहेत: धाग्याची गाठ, क्लिप आणि स्टेपलर. त्यांच्या किमतीत फार मोठा फरक आहे. साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सपुरतं बोलायचं, तर सुरक्षिततेत मात्र असा फरक आढळलेला नाही. हे सहज पटत नाही, कारण महाग वस्तू वापरली म्हणजे काम पक्कं झालं असं आपण धरून चालतो. म्हणून थोडं तपशिलात जाऊ या.

बुंधा शाबूत असतो, हे आपलं नशीब

लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे मोठ्या आतड्याचा सीकम नावाचा फुगीर भाग असतो. त्याला जोडलेली, टोकाशी बंद असलेली बारीक नळी म्हणजे अपेंडिक्स. लांबी साधारण ८ ते १० सेंटिमीटर, पण त्याहून बरीच आखूड किंवा लांबही सापडते. निरोगी असताना जाडी ६ मिलिमीटरच्या आत असते. सोनोग्राफीत त्याहून जास्त भरली की रेडिओलॉजिस्ट सावध होतो. नळीत शौचाचा कडक खडा अडकला किंवा सुजेनं वाट बंद झाली की आत दाब वाढतो, जंतू माजतात, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळ गेला तर ती कुजून फुटते.

बहुतेक रुग्णांमध्ये सगळी खराबी टोकाकडे आणि मधल्या भागात असते. सीकमला चिकटलेला बुंधा सुजला तरी जिवंत राहतो. ऑपरेशनचा भरवसा यावरच उभा आहे. जिवंत, रक्त खेळत असलेल्या भिंतीवर कोणतंही बंधन नीट बसलं की ती भिंत स्वतःच पुढचं काम करते. बंधनाच्या जागी आतड्यावरचं पातळ आवरण एकमेकाला चिकटतं, भरून येतं आणि काही दिवसांत तोंड कायमचं मिटतं. धागा, क्लिप किंवा पिना यांनी ते काही दिवस तग धरला की झालं.

बंधन सुटलं किंवा मृत भिंतीवर बसलं, तर मात्र मोठ्या आतड्यातलं शौच आणि वायू पोटात झिरपतो. अशी गळती १००त एकापेक्षाही कमी रुग्णांमध्ये होते, पण झाली तर प्रकरण गंभीर असतं. पोटात पू साचतो, नळी घालून तो काढावा लागतो, कधी पुन्हा पोट उघडावं लागतं. त्यामुळे प्रमाण कितीही कमी असलं, तरी कोणताही सर्जन हा टप्पा हलक्यात घेत नाही.

आधी गाठ, त्यावर गोल टाका

दुर्बीण येण्याच्या आधी, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला चीर देऊन अपेंडिक्स काढत, तेव्हाही हाच प्रश्न होता. त्या काळची नावाजलेली पद्धत अशी: बुंध्याला धाग्यानं बांधायचं, कापायचं, मग सीकमच्या भिंतीवर गोलाकार टाका घालून बुंध्याचा उरलेला तुकडा, म्हणजे स्टंप, आत ढकलायचा आणि टाका आवळायचा. स्टंप दिसेनासा होई. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवलं गेलं, कारण उघडा राहिलेला स्टंप पोटात जंतू सोडेल ही भीती अगदी तर्काला धरून वाटायची.

पुढे ही भीती तपासली गेली. १९८५ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७०० हून अधिक रुग्णांपैकी काहींचा स्टंप आत ढकलला होता, काहींचा नुसता बांधून सोडला होता. आत ढकलण्याचा काही फायदा दिसला नाही. उलट आत ढकललेला स्टंप पुढे कधी तपासणीत सीकममध्ये गाठ असल्यासारखा दिसतो आणि नसत्या शंका निर्माण करतो, हेही सर्जनांना माहीत होतं. आजही काही अनुभवी सर्जन मनाच्या समाधानासाठी तो गोल टाका घालतात. त्यांच्या हातात तो सुरक्षितच असतो, पण त्याची गरज मात्र सिद्ध झालेली नाही.

ही नुसती बांधण्याची पद्धत पुरेशी आहे हे कळल्यामुळे दुर्बिणीचं काम सोपं झालं. त्या चाचणीच्या काही वर्षं आधीच, १९८० मध्ये, जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं होतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सर्जन मंडळी इतकी खवळली, की त्यांना वैद्यकीय व्यवसायापासून रोखावं अशी मागणी झाली. आज जगात अनेक ठिकाणी हे ऑपरेशन त्यांच्याच मार्गानं होतं. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी घातला. त्यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात पित्ताशयाची पहिली दुर्बीण शस्त्रक्रिया केली आणि पुढे हे तंत्र लहान गावांपर्यंत नेण्यासाठी आयुष्यभर आग्रह धरला. (गावाकडे अनेक जण याला अजून ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात. यात लेझर कुठेच नसतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा व हत्यारं आत जातात.)

बंद करण्याआधी बुंधा सापडला पाहिजे

धागा की स्टेपलर या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. बंधन नेमकं कुठे बसलं? अपेंडिक्सला एक झालरीसारखा पडदा असतो. त्यातून तिची धमनी येते. आधी हा पडदा हार्मोनिक, बायपोलर (उष्णतेनं रक्तवाहिन्या मिटवणारी हत्यारं) किंवा क्लिप वापरून कापतात, म्हणजे रक्तस्राव होत नाही आणि बुंधा उघडा पडतो. सूज असताना हा पडदा जाड, चिवट आणि चिकटलेला असतो. बुंधा त्यात लपतो आणि बुंध्याआधीचीच एखादी जागा बुंधा वाटू शकते.

खूण पक्की आहे. मोठ्या आतड्यावर स्नायूंचे तीन लांब पट्टे असतात आणि ते तिन्ही अपेंडिक्सच्या बुंध्याशी येऊन मिळतात. शंका आली की सर्जन सीकमवरचा समोरचा पट्टा धरून खाली जातो. पट्टे जिथे मिळतात, तिथेच खरा बुंधा. तिथून मागे उरणारा स्टंप ५ मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नये, असं मानलं जातं.

स्टंप लांब राहिला, तर त्या उरलेल्या तुकड्याला पुन्हा अपेंडिसायटिस होऊ शकतो. याला स्टंप अपेंडिसायटिस म्हणतात. हा दुर्मिळ आहे, पण ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा चक्क काही दशकांनीही होऊ शकतो. त्यातली खरी अडचण निदानाची. रुग्ण सांगतो, अपेंडिक्स तर काढलंय. डॉक्टरही मग ती शक्यता मनातून काढून टाकतात आणि तुकडा फुटेपर्यंत वेळ जातो. म्हणून ज्यांचं अपेंडिक्स काढलेलं आहे आणि ज्यांना पुन्हा पोटाच्या उजव्या खालच्या भागात तसंच दुखणं, ताप, उलट्या सुरू झाल्या, त्यांनी ही शक्यता डॉक्टरांसमोर स्वतःहून काढावी. सीटी स्कॅनमध्ये हा तुकडा बहुधा दिसतो. आणि हे कोणत्याही साधनानं होऊ शकतं. धागा बुंध्यापासून वर बांधला तरी, स्टेपलर वर मारला तरी.

धागा

सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त मार्ग. पोटाच्या आत, दोन लांब हत्यारांच्या टोकांनी गाठ मारणं कठीण असतं. झेम यांनी यावर जो उपाय आणला तो त्यांच्याही आधीचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोडर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी एक सरकगाठ वापरली होती: ओढली की आवळते, पण मागे सरकत नाही. अशी गाठ आधीच बांधून, प्लास्टिकच्या दांडीत ओवून तयार मिळते, तिला एंडोलूप म्हणतात. फास ५ मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे पोटावरच्या छिद्रात बसवलेल्या नळीतून, आत जातो. अपेंडिक्सचं मोकळं टोक त्यातून ओवायचं, फास बुंध्यापर्यंत उतरवायचा आणि दांडीनं गाठ पुढे ढकलत आवळायचा. सहसा आतड्याच्या बाजूला दोन फास आणि अपेंडिक्सच्या बाजूला एक, मग मधे कात्री. आतड्याच्या बाजूला एकच फास पुरतो असं मानणारे सर्जनही पुष्कळ आहेत.

आपल्याकडे अनेक ठिकाणी तयार एंडोलूपही वापरत नाहीत. व्हिक्रिल या विरघळणाऱ्या प्रकारचा साधा लांब धागा घेतात, तो बुंध्याभोवतून फिरवून दोन्ही टोकं बाहेर काढतात, बाहेर हातांनी गाठ बांधतात आणि नॉट पुशरनं, म्हणजे गाठ ढकलायच्या दांडीनं, ती आत सरकवतात. यात एक बारकावा आहे. रोडर यांची मूळ गाठ कॅटगटच्या धाग्यासाठी होती. मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून बनलेला तो धागा ओला झाला की फुगायचा आणि गाठ आपोआप घट्ट व्हायची. आजचे कृत्रिम धागे फुगत नाहीत आणि काही तर निसरडे असतात. म्हणून जाणकार सर्जन गाठीला एक-दोन वेढे जास्त देतात. ही गाठ म्हणजे हातातली कला आहे. ती शिकवावी लागते, घोटावी लागते. थिएटरच्या बाहेर खुर्चीच्या हातावर धागा बांधून सराव करणारे तरुण सर्जन कुठल्याही शिकवणाऱ्या रुग्णालयात दिसतील.

धाग्याचा मोठा गुण म्हणजे काही उरत नाही. व्हिक्रिल साधारण दोन महिन्यांत विरून जातो. दुसरा गुण, मोठं छिद्र लागत नाही. दोष कोणता? वेळ थोडा जास्त लागतो, आणि गाठ किती आवळायची याचा अंदाज हाताला असावा लागतो. सैल राहिली तर तोंड मिटत नाही. सुजून लिबलिबीत झालेल्या भिंतीवर फार आवळली, तर धागा भिंत कापून आरपार जातो. हे दुसरं अधिक धोक्याचं.

क्लिप

सध्या आपल्याकडे झपाट्यानं पसरलेली पद्धत. हेमोलॉक या नावानं ओळखली जाणारी ही टणक प्लास्टिकची, दोन जबड्यांची क्लिप बुंध्यावर बसवून दाबली की टोकाचा आकडा दुसऱ्या बाजूला अडकतो आणि ‘टक्‌’ असा कुलूप लागल्याचा धक्का हाताला कळतो. बुंधा मोकळा करून मागून छोटी खिडकी केली की क्लिप थेट लावता येते. टोकापासून फास ओवत यायची गरज नाही. टोक आतड्याला चिकटलेलं असेल, तर ही मोठी सोय ठरते. वेळ वाचतो, आणि खर्च स्टेपलरच्या मानानं फारच कमी.

मर्यादा आकाराची आहे. मोठी क्लिप साधारण १३ मिलिमीटरपर्यंतच्या आणि त्याहून मोठी १६ मिलिमीटरपर्यंतच्या ऊतीसाठी बनवलेली असते. पण बुंधा १० मिलिमीटरच्या पुढे जाड, सुजलेला असेल, तर बरेच सर्जन क्लिपवर विसंबत नाहीत. आकडा खरोखर पलीकडून बाहेर आलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. अर्धवट अडकलेली क्लिप न लावण्यापेक्षा वाईट. ही क्लिप विरत नाही, आयुष्यभर पोटात राहते. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि एमआरआयलाही अडचण करत नाही. क्लिप सरकून आतड्यात शिरल्याच्या नोंदी आहेत, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या एकेका रुग्णाच्या. टायटॅनियमच्या धातूच्या क्लिपाही आहेत. त्यांचं काम जवळपास तसंच.

इंटरनेटवर शोधताना काही जणांना याच क्लिपविषयी अमेरिकी औषध प्रशासनाचा २०११ मधला इशारा सापडतो आणि ते घाबरतात. तो इशारा जिवंत माणसानं किडनी दान करताना त्या किडनीच्या धमनीवर ही क्लिप लावू नये, यासाठी होता. तिथे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब क्लिपवर येतो आणि ती निसटली तर मिनिटांत जीव जातो. अपेंडिक्सच्या बुंध्यावर तसा दाब नसतो. जागा वेगळी, धोका वेगळा.

स्टेपलर

कागदाला पिन मारायच्या स्टेपलरच्याच तत्त्वावर हे चालतं, फक्त एका दाबात पिनांच्या अनेक रांगा लागतात आणि मधून सुरीही फिरते. दोन जबड्यांत बुंधा धरायचा, काही सेकंद दाबून ठेवायचा म्हणजे सुजेचं पाणी बाजूला सरकतं, आणि मग कळ दाबायची. आतड्याच्या बाजूला टायटॅनियमच्या तीन रांगा, अपेंडिक्सच्या बाजूलाही तीन, आणि दोन्हींच्या मधे छेद. प्रत्येक पीन मिटताना इंग्रजी बी अक्षराच्या आकारात वळते, म्हणजे ऊती धरली जाते पण बारीक रक्तवाहिन्या पूर्ण चिरडल्या जात नाहीत.

वेगात याला तोड नाही. जाड, रुंद, सुजलेल्या बुंध्यावर याची खरी किंमत कळते, कारण गरज पडल्यास सीकमची थोडी निरोगी भिंतही सोबत घेऊन छेद देता येतो. धागा किंवा क्लिप ते करू शकत नाही.

पण त्यासाठी १२ मिलिमीटरचं पोर्ट लागतं. एवढं छिद्र आतून नीट शिवलं नाही, तर पुढे तिथे हर्निया होऊ शकतो. पिनांच्या रांगेतून रक्त झिरपू शकतं. ते थांबवायला थेट विजेचा चटका देणं टाळतात, कारण धातूच्या पिनांतून वीज पसरून आतड्याला भाजू शकते. न लागलेल्या सुट्या पिना पोटात राहून आतडं अडकल्याच्या तुरळक घटना नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून काळजी घेणारा सर्जन शेवटी त्या वेचून काढतो. आणि बुंधा जास्त ओढून धरला, तर लहान आतड्याचं तोंड जवळ येऊन जबड्यात सापडू शकतं. यंत्र जितकं ताकदवान, तितकं ते लावण्याआधी चारी बाजूंनी बघणं गरजेचं.

तुलना करणारे अभ्यास काय सांगतात

२०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं, जी जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते, या विषयावरच्या ८ चाचण्या आणि त्यातले ८५० रुग्ण घेऊन परीक्षण केलं. एकीकडे धाग्याचं बंधन, दुसरीकडे क्लिप किंवा स्टेपलरसारखी यांत्रिक साधनं. सगळे रुग्ण साध्या अपेंडिसायटिसचे. एकूण गुंतागुंतीत फरक आढळला नाही. यांत्रिक साधनांनी सरासरी सुमारे ९ मिनिटं वाचली आणि त्वचेलगतच्या जखमेचा संसर्ग थोडा कमी दिसला. सोबत परीक्षकांनीच लिहिलं, की या पुराव्याचा दर्जा कमी आहे.

फुटलेल्या, गुंतागुंतीच्या अपेंडिक्सचं काय? नेदरलँड्समध्ये अनेक रुग्णालयांतल्या रुग्णांची नोंद ठेवून एंडोलूप आणि स्टेपलरची तुलना झाली. त्यात साधे आणि गुंतागुंतीचे दोन्ही प्रकार होते, तरी संसर्गाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे समजण्यासारखं आहे. अपेंडिक्स आधीच फुटलं असेल, तर पोटात पसरलेले जंतू हेच पुढच्या गळवाचं मुख्य कारण असतं. बुंधा कशानं बांधला याचा त्यात वाटा लहान. पू नीट शोषून काढला का, सुटलेला खडा पोटात राहिला नाही ना, अपेंडिक्स पिशवीतून बाहेर काढलं का, अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं का, याचा वाटा मोठा. (तयार पिशवी नसेल, तर निर्जंतुक हातमोज्याचीच पिशवी करून त्यातून अपेंडिक्स बाहेर काढतात. आपल्या छोट्या रुग्णालयांत शोधलेला हा उपाय अगदी चोख चालतो.)

वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरी या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना याच दिशेनं जातात. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, साध्या आणि गुंतागुंतीच्या दोन्ही प्रकारांत धागा किंवा प्लास्टिकची क्लिप वापरावी. गुंतागुंतीच्या रुग्णांत स्टेपलर वापरायचा की नाही, हे पोटात प्रत्यक्ष काय दिसतं आणि काय उपलब्ध आहे ते पाहून सर्जननं ठरवावं.

आता त्या ९ मिनिटांचा हिशेब. युरोप-अमेरिकेत थिएटरचं एकेक मिनिट इतकं महाग असतं, की स्टेपलरची किंमत काही अंशी वाचलेल्या वेळातून वसूल होते. तिथले काही सर्जन म्हणून तो सर्रास वापरतात, आणि त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे गणित उलटं आहे. थिएटरचा वेळ तुलनेनं स्वस्त, आणि बाहेरून आलेलं साधन महाग. धाग्याचा खर्च शेकड्यांत, स्टेपलर आणि त्याच्या कार्ट्रिजचा हजारांत. सरकारी विमा योजनेत एका ऑपरेशनला ठरावीक पॅकेज मिळतं आणि सगळं त्यातच बसवायचं असतं. अशा ठिकाणी धाग्यानं, नीट, शांतपणे केलेलं ऑपरेशन कुठल्याही अर्थानं दुय्यम नाही. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण सरकारी रुग्णालयात ‘साधा धागाच वापरला’ म्हणून मन खट्टू करणारे नातेवाईक असतात. त्यांच्या माणसाला जे मिळालं, त्याचीच शिफारस या जागतिक सूचना करतात.

तितक्याच ठामपणे दुसरी बाजू. बुंधाच कुजला असेल, भोक बुंध्याशीच पडलं असेल, तर धाग्याचा हट्ट धरणं चूक. अशा वेळी स्टेपलरनं सीकमची पट्टी घेऊन छेद देतात, किंवा भोकावर सुई-धाग्यानं थेट टाके घालतात, आणि फारच खराब असेल तर आतड्याचा तो भाग काढून जोड देतात. कधी त्यासाठी पोट उघडावं लागतं, आणि तो निर्णय घेणारा सर्जन रुग्णाचं भलंच करत असतो. हे ऑपरेशनआधी नक्की सांगता येत नाही, कारण बुंधा कसा आहे हे कॅमेरा आत गेल्यावरच दिसतं. म्हणून संमतीपत्र वाचताना ‘गरज पडल्यास स्टेपलर’, ‘गरज पडल्यास पोट उघडून’ अशा ओळी आल्या, तर त्या कशासाठी आहेत हे विचारून घ्या आणि स्टेपलर लागला तर अंदाजे किती खर्च वाढेल तेही आधीच विचारा. ऑपरेशननंतर विचारण्यापेक्षा हे दोघांसाठीही सोपं जातं.

घरी गेल्यावर

गळती किंवा पोटातलं गळू याची चिन्हं पद्धतीनुसार बदलत नाहीत. पहिले एक-दोन दिवस बरं वाटल्यावर चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा ताप चढणं, पोट फुगणं, दुखणं वाढणं, खाण्यावरची वासना उडणं. एक लक्षण हमखास दुर्लक्षित राहतं: सारखी थोडी थोडी, आव पडल्यासारखी शौचास होणं आणि लघवीला वारंवार जावं लागणं. ओटीपोटात, गुदाशयाला लागून पू साचला की असं होतं. घरचे ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून ताक-भातावर ठेवतात आणि दोन दिवस वाया जातात. ताप सोबत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी.

डिस्चार्ज कार्डवर बहुतेकदा ऑपरेशनचं नाव एका ओळीत असतं. त्यात बुंधा कशानं बंद केला, अपेंडिक्स फुटलेलं होतं का, हे लिहून मागा. पाच वर्षांनी पोट दुखलं, सीटी स्कॅनमध्ये त्या जागी काही दिसलं, तर त्या पिना आहेत की आणखी काही, हे त्या ओळीवरून कळेल. टायटॅनियमच्या पिना असतील, तर एमआरआय करता येतो, फक्त तंत्रज्ञाला आधी सांगायचं.

आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणीला गेलं असेल, तर तो रिपोर्ट आणायला विसरू नका. टाके काढून झाले की अनेक जण तिकडे फिरकतच नाहीत. १००त एखाद्या किंवा त्याहूनही कमी अपेंडिक्समध्ये एक छोटा, हळू वाढणारा ट्यूमर अनपेक्षितपणे सापडतो. तो बहुधा टोकाशी असतो. १ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर अपेंडिक्स काढलं यातच उपचार होऊन जातो. २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तर उजव्या बाजूचं मोठं आतडं काढण्याचा विचार करावा लागतो. मधल्या आकारात आणि बुंध्याजवळच्या ट्यूमरमध्ये एका गोष्टीला फार महत्त्व येतं, ती म्हणजे कापलेल्या कडेवर ट्यूमरच्या पेशी आहेत की नाहीत. रिपोर्टमध्ये ‘मार्जिन’ या शब्दापुढे ते लिहिलेलं असतं. सर्जनकडे गेल्यावर त्या ओळीवर बोट ठेवून विचारा.